चौलच्या बाईचे लुगडे

इतिहासाचे सोंग घ्यायचे ठरले की आपल्याकडे पहिला फोन जातो तो भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात. आमचाही गेला. आमच्या छोट्या अभ्यासमंडळाने, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या दहाबारा जणांनी, चौलला एक दिवसाचे अभिवाचन करायचे ठरवले होते. साल धरले होते साधारण १५००. माणसे पाच, आणि पाचही बायका : एक सरदाराघरची, एक साळ्याची, एक कोळीण, एक बटकी आणि एक देवळात अभंग म्हणणारी. कोरड्या वाचनापेक्षा त्या काळची वस्त्रे अंगावर घालून वाचावे, म्हणजे शब्दांना अंग येईल, अशी आमची भाबडी कल्पना. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले आणि अतिशय आपुलकीने विचारले, ‘‘पेशवाई देऊ की मस्तानी?’’

या प्रश्नाला हसणे सोपे आहे. आम्हीही हसलो. पण पुढचे काही महिने त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही, कारण दुकानदाराच्या कपाटात जे होते तेच आमच्याही डोक्यात होते, हे लवकरच लक्षात आले. ‘मध्ययुगीन मराठी स्त्री’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी उभी राहते तिच्या अंगावर जरीकाठी नऊवारी असते, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, अंबाड्यावर वेणी, खांद्यावर शेला. तिच्या हाती कधी तलवार असते, कधी आरतीचे तबक. ती बाराव्या शतकातली असो, सोळाव्या शतकातली असो वा अठराव्या, तिचे लुगडे बदलत नाही. सहाशे वर्षे एकच वस्त्र नेसून उभी राहिलेली ही बाई कोण, आणि तिला असे कोणी उभे केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तिची वंशावळ फारशी जुनी नाही. अठराव्या शतकाच्या पुण्याने तिला काठपदर दिला. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या छापखान्यातून देवी आणि नायिका घरोघरच्या भिंतींवर गेल्या, तेव्हा पुराणातल्या स्त्रियाही एकोणिसाव्या शतकातल्या लुगड्यात वावरू लागल्या. बालगंधर्वांच्या शालू-पैठण्यांनी त्या वस्त्राला रंगभूमीचे तेज दिले. म्हणजे मराठी स्त्रीच्या ‘खानदानी’ वेषाचा एक आदर्श एका पुरुषाच्या देहावर घडला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो; तिचा अर्थ मात्र लावत नाही. मग ऐतिहासिक चित्रपट आले, महानाट्ये आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या शोभायात्रा सुरू झाल्या आणि ती प्रथा शहरोशहरी पसरली. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून (१९७२) ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट २०१५ मध्ये आला, आणि दादरच्या दुकानांत शिवलेल्या नऊवारीचे प्रकार वाढले. आता ती पायजम्यासारखी पाय घालून चढवता येते. निऱ्या शिवलेल्या, काष्टा शिवलेला, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. या वस्त्राबद्दल आम्हांला अढी नाही. मोटारसायकलवर बसणाऱ्या मुलीला ते सोयीचे आहे आणि ती त्यात छान दिसते. तक्रार एवढीच की, त्याला ‘आपले प्राचीन वस्त्र’ म्हटले जाते.

तपशिलात शिरले की ही प्राचीनता कशी उसवत जाते पाहा. नथ घ्या. प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकातच नथीच्या प्राचीनत्वाची छाननी केली होती; जुन्या भारतीय शिल्पांतल्या स्त्रियांच्या नाकात काहीच नसते, हा दागिना दुसऱ्या सहस्रकातला आहे. शके ९८२ च्या अंबरनाथच्या देवळावरच्या सुरसुंदरी कानांत, गळ्यात, कमरेत अलंकारांनी लवलेल्या आहेत. नाके मोकळी आहेत. रंग घ्या. शोभायात्रेत सर्वांत उठून दिसणारा ‘राणी’ रंग हा १८५९ च्या सुमारास युरोपच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या मॅजेंटा रंगद्रव्याचा वारस. त्या नावात इटलीतल्या एका लढाईची आठवण आहे, आमच्या कोणत्याही राणीची नाही. पदर जागेवर ठेवणारी सेफ्टी पिन १८४९ ची. एवढे सगळे काढून घेतले की दुकानदाराच्या पेटीत काय उरते? काही उरत नाही असे नाही. एक लांब, न शिवलेले कापड उरते. आम्हांला सुरुवात तिथूनच करावी लागली.

चौल हे ठिकाण आम्ही काही हौसेने निवडले नव्हते. कापडाचा इतिहास या गावाच्या मातीत आहे. ग्रीक लेखकांचे सिमुल्ल, अरबांचे सैमूर, बहमनींचे आणि नंतर निजामशाहीचे बंदर, आणि शेजारी रेवदंड्याला पोर्तुगिजांचा कोट. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला तोवर चौलची भरभराट ओसरली होती. पण त्याआधी इथून काय जात होते? १५१६ च्या सुमारास लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोसाने चौलच्या व्यापाराचे वर्णन करताना सुती कापडाबद्दल एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. इथले लोक ही वस्त्रे कोरी असतानाच काही दिवस वापरतात, मग ती धुवून पांढरीशुभ्र करतात, खळ देतात आणि परदेशी विकतात. म्हणून त्यांत काही फाटकी निघतात, असे तो सांगतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिन्सखोतेन हा डच प्रवासी चौलच्या रेशीमविणकरांबद्दल लिहितो. कच्चे रेशीम चीनहून येई आणि इथल्या मागांवर त्याचे कापड होई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलचे विणकर मुंबईत जाऊन वसले. आज गावात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रामेश्वराची पुष्करणी आहे, पडका हमामखाना आहे; मागाचा खटखटाट नाही.

बार्बोसाचे ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. चौलच्या बाईने चार दिवस नेसलेले कापड खळ देऊन, घडी घालून जहाजावर चढत असे आणि समुद्रापलीकडच्या कोणाच्या तरी अंगावर जात असे. तिच्या देहाची ऊब घेऊन गेलेल्या त्या कापडाची नोंद व्यापाऱ्याने केली, तीही त्यातल्या फाटक्या नगांमुळे. तिची नोंद नाही.

तिची नोंद करणारा एक माणूस मात्र होता. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. भारत-रशिया मैत्रीच्या भाषणांत त्याचे नाव येते. त्याने चौलला उतरल्यावर सर्वप्रथम काय टिपले हे त्या भाषणांत सहसा येत नाही. त्याने टिपले ते कपडे, किंवा त्यांचा अभाव. इथली माणसे उघडी हिंडतात. बायकांची डोकी उघडी, छाती उघडी, केसांची एक वेणी. मुले-मुली सात वर्षांची होईतो नागवीच. राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. राणीच्या खांद्यावर एक आणि कमरेला एक. चाकर आणि दासी यांच्या कमरेला तेवढे एक. पुढे जुन्नरला पावसाळा काढताना त्याला माणसे अंगावर जास्त कापड घेतलेली दिसली : कमरेला, खांद्यावर, डोक्यावरही. या सगळ्या वस्त्रांना त्याने एकच शब्द वापरला, ‘फाता’. त्याच शब्दाचा आजच्या रशियन भाषेतला अर्थ आहे नवरीच्या डोक्यावरची ओढणी. शब्दही कसे नेसले जातात आणि बदलले जातात, याचा हा नमुना.

निकितीनचे वर्णन बारकाईने वाचले तर त्यात नग्नतेपेक्षा मोजणी जास्त आहे. कोणाच्या अंगावर किती वस्त्रे, हा हिशेब म्हणजेच समाजाची उतरंड. एक वस्त्र म्हणजे दासी, दोन म्हणजे राणी. शिवण नाही, काठाची मिजास नाही. पायरी कळते ती कापडाच्या संख्येवरून आणि ते अंगावर कुठवर चढते यावरून.

एकाच साक्षीदारावर विसंबू नये म्हणून आम्ही दुसरा शोधला. तो पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. निजामशाही दरबारातल्या आफताबी नावाच्या कवीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फार्सी काव्य आणि त्याची चित्रे, काळ १५६५ च्या आसपास. चौलचे मालक तेव्हा हेच निजामशहा. या चित्रांतल्या स्त्रिया निकितीनच्या स्त्रियांहून निराळ्या आहेत. अंगात आखूड चोळ्या, पाठीवर लांब वेण्या आणि त्यांना गोंडे, देहाभोवती फिरवलेली लांब वस्त्रे. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते आहे. संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत इथे फार्सी पोथीत दख्खनी चोळी घालून उतरला आहे. आणि या पोथीतली सर्वांत बोलकी स्त्री ती, जी दिसत नाही. हुसेन निजामशहाची राणी खुंझा हुमायून नवऱ्यामागे काही वर्षे मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. पुढे मुलानेच तिला कैदेत टाकले. पोथीतल्या कित्येक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकलेली आहे. राजा बसला आहे, शेजारी रंगाचा डाग आहे. वेषभूषेच्या अभ्यासकाने या डागाचे काय करायचे?

तिसरा साक्षीदार आमच्याच दप्तरात होता : जुने मराठी साहित्य. ‘लीळाचरित्रा’त नेसण्या-पांघरण्याचे उल्लेख विपुल आहेत. दासोपंतांनी तर अंबाजोगाईला सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवरच ‘पंचीकरण’ लिहून काढले. मराठीत कापड आणि काव्य यांचे इतके सख्खे नाते दुसरे नाही. आणि जनाबाई. तिच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात डोक्यावरचा पदर खाली येतो आणि ती तशीच भर बाजारात जायला निघते. या अभंगाचे सारे सामर्थ्य पदर डोक्यावर असणे ही रीत आहे, या गृहीतावर उभे आहे. रीतच नसेल तर मोडणार काय? आता निकितीनला चौलमध्ये डोकी उघडी दिसली आणि जनाबाईच्या अभंगाला डोके झाकलेले हवे. दोघांपैकी एक खोटा ठरवण्याची घाई करू नये. बंदर निराळे, पंढरपूर निराळे. कोळीण निराळी, दासी निराळी. शिवाय गाणाऱ्यांच्या पिढ्यांनी अभंगांच्या शब्दांना वेळोवेळी आपापल्या काळाचे वस्त्र नेसवलेले असते, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना सांगायला नको.

या तिन्ही साक्षी लिहिलेल्या किंवा रंगवलेल्या. प्रत्यक्ष वस्त्र? युरोपात मध्ययुगीन पोशाख शिवून वापरणाऱ्या हौशी मंडळींची मोठी परंपरा आहे. अमेरिकेतही १९६६ पासून अशा मंडळांनी चांगले मूळ धरले. त्यांच्या हाताशी एक आधार आहे जो आमच्या हाताशी नाही. १९२१ मध्ये ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेस येथील दफनभूमीच्या गोठलेल्या मातीत मध्ययुगीन अंगरखे आणि टोप्या मिळाल्या, आणि त्यांची शिवण टाक्या-टाक्याने अभ्यासता आली. कोकणात पाच पावसाळ्यांत लाकूड कुजते, तिथे सुताची काय कथा? मध्ययुगीन भारतीय कापडाचे जे तुकडे शाबूत आहेत त्यांतले पुष्कळसे इजिप्तच्या कोरड्या वाळूत, फुस्तात येथे मिळाले. ते बहुतेक गुजरातचे, छापील सुती. म्हणजे आपले कापड आपल्याला परक्याच्या उकिरड्यात शोधावे लागते.

पण दोष एकट्या पावसाचा नाही. आमच्या घरांत कापड मरत कसे, ते आठवून पाहा. लुगडे मध्यावर विरले की तो भाग कापून दोन धड तुकड्यांना दंड घालायचा. दंड घातलेले लुगडे फाटले की त्याचे परकर-चोळ्या, त्या फाटल्या की बाळोती, मग गोधडीचे अस्तर, मग पोतेरे. एखादी चिंधी काकडा होऊन देवापुढे जळून गेली तर ती भाग्याची. मराठी बाईने आपल्या वस्त्राचा पुरावा मागे ठेवला नाही, कारण तिने तो पूर्ण वापरला. संग्रहालयात शालू उरतात. ते फारसे नेसलेच जात नाहीत म्हणून. त्यामुळे उरलेल्या वस्त्रांवरून इतिहास लिहायचा तर तो न वापरलेल्या कपड्यांचा इतिहास होईल, आणि सगळ्या बायका सरदारणी ठरतील. आपल्या शोभायात्रांत नेमके हेच झाले आहे. हजार स्त्रियांच्या मिरवणुकीत हजार राण्या असतात; भांडी घासणारी एकही नसते.

तेव्हा आम्ही पेटी परत पाठवली आणि कापड आणले. हातकताईची जाड खादी. खड्डामागावर विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलतो, त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पोचेपुरता राहतो, हे पुस्तकात वाचले होते. ते कापड अंगाला लावल्यावर कळले. लांबी हवी तेवढी वाढवता येते, रुंदी नाही. आमच्या सगळ्या नेसण्यांचे व्याकरण या एका मर्यादेतून निघते : रुंदी देह उभा झाकते आणि लांबी देहाभोवती फिरते, मग निऱ्या, मग काष्टा, मग उरलेला पदर. रंगवण्यासाठी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवले, तुरटी दिली, मंजिष्ठात उकळले. अपेक्षा कुंकवासारख्या लाल रंगाची होती. निघाला विटकरी, तोही कुठे गडद कुठे फिका. पाचापैकी दोन वस्त्रे आम्ही कोरीच ठेवली, कारण दासीच्या कापडावर कोण रंग खर्च करील?

नेसण्याच्या वेळी खरी फजिती झाली. मुलींनी सवयीने पिना काढल्या. शेजारच्या वाडीतल्या एक आजी गंमत पाहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘पिना कशाला गं पोरींनो? लुगडं ओच्यावर राहतं. पोट आत घे आणि घट्ट खोच.’’ मग त्यांनी एकीला स्वतः नेसवले. निऱ्या ढोपरावर, काष्टा घट्ट, पदर कमरेला. ‘‘आता चढ डोंगर,’’ म्हणाल्या. ती मुलगी दत्तमंदिराच्या पायऱ्या चढून आली आणि लुगडे जागचे हलले नव्हते. भाड्याच्या रेशमात असताना तिला सावकाश चालावे लागे, म्हणून ती ‘खानदानी’ दिसे. जाड सुतात तिची पावले मोठी पडली. संथ चाल हा संस्कार आहे असे आम्ही समजत होतो. बराचसा तो कापडाचा गुण निघाला.

कॉलिंगवुडने इतिहासाला पुनराभिनय म्हटले होते, पण त्याची अट कडक होती. भूतकाळातला विचार इतिहासकाराला आपल्या मनात पुन्हा घडवता येतो. संवेदना, तात्कालिक अनुभव, हे पुन्हा घडवता येत नाहीत. या अटीवर आमचा सारा उद्योग बाद ठरायला हवा. १५०० सालच्या बाईला लुगडे कसे टोचत होते हे आम्हांला कधीच कळणार नाही. तिला ते टोचतच नसेल, कारण तिला दुसरे काही ठाऊक नव्हते. पण नेसणे ही निव्वळ संवेदना आहे काय? पन्ह्याची मर्यादा ओळखून नेसण्याची रीत शोधणे, चढावर काष्टा किती खोचायचा ते ठरवणे, विरलेला भाग कुठे कापला म्हणजे दंड दिसणार नाही हे हेरणे, हा विचार आहे. लिहिता न येणाऱ्या माणसांचा विचार आहे, आणि तो हातांतून हातांत आला आहे. त्या आजींनी आम्हांला कोणतीही भावना दिली नाही; एक युक्तिवाद दिला. तो पुन्हा करून पाहता येतो. कॉलिंगवुडच्या अटीत तो बसतो, असे आमचे मत आहे.

यापुढचा प्रसंग सांगायला जड आहे. निकितीनचे शब्द संहितेत होते. दासीची भूमिका वाचणारी विद्यार्थिनी तालमीत थांबली आणि म्हणाली, ‘‘सर, हे मी वाचणार आणि अंगात ब्लाऊज घालून उभी राहणार. मग खोटं कोण, तो की मी?’’ कोणीतरी सुचवले, परिच्छेदच गाळू. कोणी म्हणाले, परका माणूस, त्याला काय कळते. दुसरे टोकही होते : ते निरागस युग होते, आपल्या डोळ्यांत पाप आहे, असे म्हणून विद्यापीठीय धीटपणा दाखवणारे. त्यांतल्या कोणालाही अर्थातच त्या मुलीच्या जागी उभे राहायचे नव्हते.

यावर आमचे मत असे बनले. उघडी छाती ही निरागसता होती असे म्हणणे हा एक प्रकारचा शोभायात्रावादच आहे. दक्षिणेत त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले. त्यांना अंगवस्त्राची मुभा देणारा जाहीरनामा निघाला तो १८५९ मध्ये. तिथे उघडेपण हवामानाने नव्हे, जातीच्या हुकमाने आले होते. उलट गोव्यात १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने बाटलेल्या स्त्रियांच्या चोळीवर आणि पुरुषांच्या पुडव्यावर बंदी घातली, अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे हे फर्मान आपल्या परिचयाचे आहे. तिथे चोळी अंगात असणे हाच गुन्हा. म्हणजे बाईच्या अंगावर कापड असणे आणि नसणे, दोन्ही दुसऱ्याच्या हुकमाची बाब ठरत आलेली. चौलहून आक्षी जवळच. तिथला शिलालेख गधेगाळ म्हणून ओळखला जातो. दानाचा भंग करणाऱ्याला शिवी द्यायची तर ती त्याच्या आईवर कोरायची, हा या दगडांचा संकेत. त्या काळातली स्त्री आपल्याला रस्त्याकडेला भेटते ती बहुधा अशी : धमकीच्या रूपात.

तेव्हा अस्सलपणाच्या नावाखाली आजच्या मुलीला उघडे करण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि लाजेच्या नावाखाली १४६९ च्या बाईला भरजरी झाकण्याचाही नाही. दोन्हींत तिची गैरसोय करून आपली सोय पाहिली जाते. आम्ही मध्यममार्ग काढला असे नाही. आम्ही फट उघडी ठेवली. त्या मुलीने आपला रोजचा सलवार-कुडता घातला. दासीचे एकमेव कोरे वस्त्र तिने दोन्ही हातांवर घडी घालून धरले आणि निकितीनचा परिच्छेद वाचला. मग म्हणाली, ‘‘हे तिचं. माझं नाही. मी फक्त धरलं आहे.’’ ही ओळ संहितेत नव्हती. आमच्या मते त्या दिवसातले सर्वांत अचूक ऐतिहासिक विधान तेच.

यावर एक आक्षेप आम्हांला ऐकावा लागतो. लोकांना आनंद घ्यायचा असतो, मुली वर्षातून एकदा नटतात, तिथे रंगद्रव्यांच्या सनावळ्या कशाला? उत्सवाला आमची हरकत नाही. उत्सवाने आपले नाव उत्सव एवढेच ठेवावे. पण तीच वेषभूषा शाळेच्या रंगमंचावर ‘इतिहास’ म्हणून चढते, ऐतिहासिक कादंबरीच्या मुखपृष्ठावर बसते, आणि मग मुलांना वाटू लागते की, मराठी स्त्रीला एकच रूप होते आणि ते सांभाळणे हे आजच्या स्त्रीचे कर्तव्य. खोट्या भूतकाळाचे बिल नेहमी वर्तमानातल्या कोणाला तरी भरावे लागते. या बाबतीत ते मुलींच्या नावे फाडले जाते.

शिक्षक म्हणून आमचा स्वार्थ आणखी साधा आहे. जुन्या मराठी संहितेत ओचा, निरी, दशा, पासोडी, पदर हे शब्द येतात तेव्हा आम्ही फळ्यावर अर्थ लिहितो आणि पुढे जातो. ओचा कशाला म्हणतात हे ज्या मुलीने पोट आत घेऊन एकदा अनुभवले, तिला ओच्यातून काय काय वाहून नेता येते हेही कळते. मग ओवीतला ओचा तिला रिकामा वाटत नाही. वस्त्र बनवून, नेसून पाहणे ही वाचनाचीच एक रीत आहे, आणि प्रत्येक चांगल्या वाचनाप्रमाणे तिने आपल्याला काय कळले नाही हेही दाखवले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाने भाड्याच्या पेटीऐवजी एकदा एक ठाण कोरी खादी आणावी आणि गावातल्या एखाद्या आजींना वर्गात बोलवावे, एवढीच आमची सूचना. खर्च भाड्याहून फार होत नाही.

अभिवाचनानंतर पाच वस्त्रांचे काय करायचे हा प्रश्न उरला. जपून ठेवावीत, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील, असे आम्ही म्हणत होतो. आजींनी ती हाताने चाचपून पाहिली आणि जाड सुताला बरे म्हटले. नातवाला गोधडी शिवायची होती त्यांना. आम्ही दोन ठेवली आणि तीन त्यांना दिली. दासीचे कोरे वस्त्र त्या तिनांत होते.